कान बघितलास का?

आटपाडीच्या माळावर नाथाजीची दोनशे मेंढरं होती आणि एकूणएक मेंढराच्या डाव्या कानाला खालच्या अंगाने एक खाच मारलेली होती. मेंढरू दुसऱ्याच्या कळपात मिसळलं, कुणी चोरीचा आळ घेतला, की म्हातारा तोंड वाजवत बसायचा नाही. मेंढरू धरायचा आणि कान उलटा करून दाखवायचा. खाच असली तर माझं, नसली तर तुझं, घेऊन जा. कान बघितल्याशिवाय त्या माळावर कुणी कुणावर आळ ठेवत नसे आणि कुणी आपल्या अंगावर घेतही नसे.

हे बघत लहानाचा मोठा झालेला त्याचा मुलगा तात्याबा मात्र कान न बघताच एक आळ अंगावर घेऊन बसला. त्या एका गोष्टीने त्याच्या आयुष्याची छत्तीस वर्षं खाल्ली.

मेंढरांमागे हिंडायचा कंटाळा आला म्हणून पंधराव्या वर्षी तो सांगलीला आला आणि गुंडा मिस्त्रीच्या गॅरेजात राहिला. हात असा बसला, की आठ-दहा वर्षांत गाडीवाले दारातून आधी विचारायचे, तात्याबा आहे ना आज? तो आहे म्हटल्यावरच गाडी आत यायची. सगळं शिकला, पण माळावरची एक सवय काही सुटली नाही. गाडीत जो भाग तो स्वतःच्या हाताने बसवी, त्याच्या कडेला तिकोनी कानशीने एक बारीक खाच मारी. गुंडा मिस्त्री म्हणायचा, "तात्या, गाड्या दुरुस्त करतूयास का मेंढरं राखतूयास?" तात्याबा हसायचा आणि खाच मारायचाच. आपलं काम आपल्याला ओळखू यावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

पलूसला द्राक्षबागायतदारांचं एक मोठं जैन घर होतं. त्या घरातल्या एकुलत्या एक मुलाकडे, सन्मतीकडे, एक विलायती गाडी होती. दोन माणसांची, बिनटपाची, जमिनीला चिकटून पळणारी लालभडक गाडी. ती रस्त्याने गेली की मागे कितीतरी वेळ लोक त्याच दिशेला बघत राहायचे. अठ्ठ्याऐंशी सालच्या हिवाळ्यात तिच्या पुढच्या स्प्रिंगा बसल्या, म्हणून ती गुंडा मिस्त्रीकडे आली आणि साहजिकच तात्याबाच्या हाती गेली. त्याने दोन्ही बाजूंना नव्या स्प्रिंगा घातल्या, चाक धरून ठेवणारे खालचे आर्मही बदलले आणि गाडी परत दिली.

तिसऱ्या दिवशी सन्मती बायकोला, ब्राह्मीला, घेऊन महाबळेश्वरला निघाला. वर्षाचं बाळ आजीपाशी ठेवलं. साताऱ्याहून मेढ्याच्या रस्त्याने वर चढताना केळघरच्या घाटात एका वळणावर गाडी डावीकडे बसली आणि खाली गेली. दोघंही गेली.

तपासणीला आलेल्या साहेबाने कागदावर लिहिलं, की पुढच्या दोन चाकांच्या स्प्रिंगा वेगवेगळ्या आहेत. उजवी जाड, डावी बारीक आणि थकलेली. झालं, मग सांगण्यासारखं उरलं काय? त्या आठवड्यात गुंडा मिस्त्रीच्या फळीवर चार स्प्रिंगा पडलेल्या होत्या. दोन या गाडीच्या आणि दोन कुठल्याशा जुन्या टॅक्सीतून काढलेल्या. उरलेल्या दोन तोवर भंगारात गेल्या होत्या. पोरानं घाईत अदलाबदल केली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. तात्याबालाही आपण नक्की कोणत्या दोन उचलल्या ते खात्रीने आठवेना. घाबरलेल्या माणसाला काय आठवणार, आणि आठवलं तरी तो ठामपणे सांगणार कसा?

पोलिसांनी त्याला त्या मोडक्या गाडीपाशी नेलं, बघ म्हणाले. त्याने मान वर केली नाही. पुढे केस उभी राहिली नाही, त्याला सोडून दिलं. पण चार दिवसांनी सन्मतीची आई, चंदनबाला अक्का, गॅरेजच्या दारात गाडी थांबवून उतरल्या आणि भरल्या गॅरेजसमोर म्हणाल्या, "तुझ्या हातानं माझं घर बुडालं." बाकी काही नाही. एवढं बोलून त्या गेल्या आणि तात्याबाने त्या दिवसापासून ते वाक्य खरं धरलं.

बातमी ऐकून नाथाजी माळावरून आला. खांद्यावरचं घोंगडं न उतरवता मुलापुढे बसला आणि एकच विचारलं, "कान बघितलास का?"

"बघून काय करू, आबा? दोन माणसं गेली," तात्याबा म्हणाला.

म्हातारा उठला आणि आला तसा गेला. पुढे चार वर्षं जगला, पण तो प्रश्न त्याने पुन्हा काढला नाही.

त्यानंतर तात्याबाकडे कुणी मोटार आणली नाही. तोंडावर कुणी बोलत नसे, नुसती गाडी दुसरीकडे नेत असत. शेवटी त्याने मिरज रस्त्याला पत्र्याची शेड टाकली आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, भट्टीत लाल करून ठोकायला लागला. ट्रॉलीत ऊस असतो, माणूस नसतो, असं तो म्हणायचा आणि ऐकणाऱ्याला ते शहाणपण वाटायचं. दरसाल त्या तारखेला तो आणि त्याची बायको हरणाबाई निर्जळी उपास धरून एसटीने साताऱ्याला जात. तिथून मेढा, मेढ्यापुढे घाट. त्या वळणावर दोन नारळ फोडायचे आणि परत फिरायचं. हरणाबाईचे गुडघे गेले तरी तिने एकही साल चुकवलं नाही. नवऱ्याचं पाप अर्धं आपलंही आहे, असं त्या बाईने न विचारता ठरवून टाकलं होतं.

इथवर सगळं सोसण्यातलं होतं. पण त्याच्या मुलाला, तानाजीला, बापाचाच हात आला होता, आणि खरं वाटोळं झालं ते तिथं. अकरा वर्षांचा असताना तानाजीने शेजारच्याची बंद पडलेली मोपेड खोलली, जोडली आणि चालू करून दाखवली. गल्ली कौतुक करत होती. तात्याबाने तोवर पोराला बोट लावलं नव्हतं. त्या दिवशी त्याने पट्टा काढून त्याला फोडून काढलं आणि पान्यांची पेटी नेऊन विहिरीत टाकली. "आपल्या हातात खोट हाय," म्हणाला. "फिरून पाना धरलास तर हात तोडीन." पोरगं भ्यालं ते कायमचंच. आज तानाजी अडतीस वर्षांचा आहे आणि गेली बारा वर्षं सांगलीच्या एका मोटारींच्या शोरूमवर वॉचमन आहे. आत येणाऱ्या गाडीच्या नुसत्या आवाजावरून त्याला कळतं, की हिचं कोणतं बेअरिंग चाललंय. तो कुणाला सांगत नाही. फाटक उघडतो, सलाम करतो, फाटक लावतो.

गेल्या फेब्रुवारीत शेडपुढे एक गाडी येऊन थांबली आणि सदतिशीतला एक तरुण माणूस उतरला. आर्जव नाव, पलूसचा. पुण्यात नोकरी करून आता बागा बघायला घरी आला होता. त्याने अघळपघळ सांगायला सुरुवात केली. वडिलांची एक जुनी लाल स्पोर्ट्स कार आहे, वर्षानुवर्षं शेडमध्ये झाकून होती. ती पुन्हा पहिल्यासारखी करायची त्याने मनावर घेतलंय. पत्रा झाला, रंग झाला, इंजिन झालं, पण गाडी पुढून तिरकी उभी राहते, डावीकडे दोन बोटं खाली. कुणाला काही कळेना. शेवटी कुणीतरी म्हणालं, स्प्रिंगेतलं ज्ञान असलेला माणूस मिरज रस्त्यावर ट्रॉल्यांचे पाटे ठोकतोय.

लाल गाडी म्हटल्यावरच तात्याबाच्या हातातला हातोडा खाली आला होता. हे तेच बाळ, आजीपाशी ठेवलेलं. आर्जवला तात्याबाचं नाव माहीत नव्हतं. घरात कधी काळी कुणी 'सांगलीचा एक मिस्त्री' म्हटलं असेल तेवढंच. आत बसलेली हरणाबाई डोळ्यांनी नाही, नाही म्हणत होती. पण तात्याबाने सदरा अंगात घातला, कानस खिशात टाकली आणि गाडीत जाऊन बसला. त्याच्या वयाला त्रेसष्ट वर्षं झाली होती. आपल्या हातून काय झालं ते मरायच्या आत एकदा डोळ्यांनी बघावं, एवढंच त्याला पाहिजे होतं.

पलूसच्या शेडमध्ये गाडी चार ठोकळ्यांवर उभी होती, नव्या लाल रंगात. तात्याबाने तिच्याकडे फार वेळ बघितलं नाही. आधी उजवी बाजू खोलली, कारण डावीला हात लावायचं धाडस होईना. उजवी स्प्रिंग खाली आली. तिच्या टोकाला चिकट काळा थर साचला होता. त्याने तो फडक्याने पुसला आणि नख फिरवलं. नख अडकलं. खाच होती. आर्मच्या कडेलाही होती. स्वतःच्या सत्ताविशीतल्या हाताची खूण बघून त्याला थोडं बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

मग त्याने डावी बाजू खोलली. स्प्रिंग बारीक, वेढे जास्त. टॅक्सीचीच. म्हणजे खरंच आपण घातली, असं म्हणत त्याने टोक पुसलं. खाच नव्हती. दुसरं टोक पुसलं. नव्हती. आर्म काढला. तो तर या गाडीचाच नव्हता. बसवायला म्हणून त्याची भोकं गॅसने जाळून मोठी केलेली होती. असलं काम तात्याबाने मेला तरी केलं नसतं. आर्मवरही खाच नव्हती. बोल्ट सगळे मागून घातलेले, आणि तो आयुष्यभर पुढून घालत आला होता. तात्याबा जमिनीवर बसला. मेंढरू त्याचं नव्हतं. त्याने बसवलेले भाग कुणीतरी नंतर काढून टाकले होते आणि त्या जागी हे घातलं होतं. छत्तीस वर्षं तो दुसऱ्याच्या मेंढराच्या चोरीचा आळ घेऊन उपास करत होता.

आर्जव फोनवर बोलत आला. दोन्ही स्प्रिंगा शेजारी बघून म्हणाला, "सापडलं ना मामा? आज्जी म्हणायची, सांगलीच्या मिस्त्रीनं घोळ घातला, ते खरंच. कुणी गाढव मिस्त्री होता, त्यानं दोन वेगळ्या बसवल्या."

तात्याबाने आज्जी घरात आहेत का विचारलं. आहेत की, आर्जव म्हणाला, दिवस मावळायच्या आत जेवतात, त्याआधी भेटून घ्या. काय काम आहे ते त्याने विचारलं नाही. जुनी ओळख असेल म्हणून पुन्हा फोनला लागला.

चंदनबाला अक्का सोप्यात खुर्चीवर बसल्या होत्या. ब्याऐंशी वर्षांच्या, पांढऱ्या साडीत, हातात जपमाळ. तात्याबाने पोत्यावर दोन स्प्रिंगा मांडल्या आणि उभा राहिला. अक्कांनी त्याला लगेच ओळखलं. "तात्याबा ना तू?" म्हणाल्या.

त्याने सगळं सांगितलं. कळपाची खूण सांगितली, खाच दाखवली, नसलेली खाचही दाखवली. बोलताना त्याचा आवाज चढत गेला. इतक्या वर्षांनी सांगण्यासारखं काही त्याच्यापाशी आलं होतं. अक्कांना धक्का बसेल, त्या कपाळाला हात लावतील, म्हणतील, अरे देवा, आम्ही कुणाच्या माथी मारलं हे! असं काहीतरी ऐकायला तो कान टवकारून उभा होता.

अक्का डाव्या स्प्रिंगेकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ती साताऱ्यातली आहे."

आणि त्यांनी सांगितलं. साताऱ्यात शिरताना सन्मतीने भरधाव गाडी एका मोरीच्या कठड्यावर घातली आणि डावं चाक आत दुमडलं. तिथला मिस्त्री म्हणाला, सांगलीहून सामान मागवा, दोन दिवस लागतील. दोन दिवस थांबणाऱ्यातला तो नव्हता. एका जुन्या टॅक्सीची स्प्रिंग आणि आर्म ठोकूनठाकून बसवून घेतलं. दुपारी दोनला त्याने घरी फोन केला, हसत हसत सांगितलं. अक्का म्हणाल्या, बाळा, एसटीनं परत या. त्याने बरं बरं म्हणून फोन ठेवला आणि घाटाला लागला. तो फोन अक्कांनीच घेतला होता. संध्याकाळी बातमी आली. पाठोपाठ चिकोडीहून ब्राह्मीच्या माहेरची माणसं आली. आपल्या पोरीला जावयाने असल्या गाडीत बसवून जाणूनबुजून घाटात नेलं, हे त्यांना कळतं तर त्यांनी बाळ या घरात एक दिवस ठेवलं नसतं. तेवढ्यात साहेबाने वेगवेगळ्या स्प्रिंगांचं लिहिलं आणि सगळ्यांची बोटं आपसूक सांगलीकडे वळली. अक्कांनी आणि त्यांच्या यजमानांनी ती वळू दिली.

तात्याबाने विचारलं, "आन गॅरेजच्या दारात येऊन मला बोललासा, तवा?"

"तेव्हा माहीत होतं मला," अक्का म्हणाल्या. त्यांनी नजर चुकवली नाही. "सन्मती गेला होता रे. तू जिवंत होतास. जिवंत माणूस कसंही करून निभावून नेतो, असं वाटलं."

बाईने खोटं सांगितलं नाही एवढं तिच्या बाजूने धरायचं तर धरावं. पण निभावून नेलं म्हणजे काय नेलं, हे तिला कोण सांगणार? तात्याबाला रडू आलं नाही, संताप आला. पर्युषण झालं की या घरातली माणसं दारोदार क्षमा मागत हिंडतात, हे त्याला माहीत होतं. गुंडा मिस्त्रीच्या गॅरेजातही दरसाल अशी माणसं हात जोडून येऊन जायची.

"अक्का," तो म्हणाला, "तुमच्यात क्षमा मागायचा दिवस असतोय. दर भादव्यात येतोय त्यो. छत्तीस आलं आन गेलं."

अक्कांची माळ थांबली. त्यांनी दोन्ही हात जोडले. "उत्तम क्षमा," म्हणाल्या, आणि हात तसेच जोडलेले असताना पुढे म्हणाल्या, "बाळाला मात्र सांगू नकोस. त्याच्याजवळ बापाची तेवढी एक गाडी आहे."

एका हाताने क्षमा मागायची आणि दुसऱ्याने पुन्हा तेच ओझं पुढे करायचं, असं ते होतं. तात्याबाने पोतं गुंडाळलं. "मलाबी एक बाळ हाय, अक्का," तो म्हणाला आणि पायऱ्या उतरला.

शेडमध्ये जाऊन त्याने आर्जवला आपलं नाव सांगितलं, त्यो गाढव मिस्त्री मीच, म्हणाला, आणि खाचेपासून साताऱ्यापर्यंत एकही गोष्ट मागे न ठेवता सांगितली. आर्जवचा आधी विश्वास बसला नाही. तो तावातावाने सोप्यात गेला. परत आला तेव्हा चालणं बदललं होतं. त्याने कोपऱ्यातली ताडपत्री ओढली आणि लाल गाडीवर घातली. चारी टोकं नीट खाली खेचली. "राहू दे मामा गाडी," म्हणाला.

सांगलीपर्यंत त्याने स्वतः सोडलं. शेडपुढे तात्याबा उतरल्यावर आर्जव समोर बघत म्हणाला, "मला सांगून तुम्हाला काय मिळालं?"

खरंच, काय मिळालं होतं? गुंडा मिस्त्री मरून वीस वर्षं झाली होती. गॅरेजच्या दारात त्या दिवशी जी माणसं उभी होती, त्यांतली निम्मी मेली होती आणि उरलेली ही गोष्ट विसरली होती. ज्याला ओरडून सांगावं असं सांगलीत कुणी उरलं नव्हतं. घरातली दोन माणसं तेवढी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तानाजी ड्यूटीचा निळा शर्ट घालून चहा पीत असताना तात्याबाने दोघांनाही सगळं सांगितलं. हरणाबाई झाडू हातात धरून ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती खाली बसली आणि गुडघे चोळत राहिली. घाट चढून चढून गेलेले गुडघे. मग मोठ्याने नाही, आपल्याशीच तिने त्या घराला अशा शिव्या दिल्या, की तशा तिच्या तोंडून घरात कुणी ऐकल्या नव्हत्या.

तानाजीने कप खाली ठेवला. "आजानं तुमाला इचारलं हुतं न्हवं, अण्णा?" तो म्हणाला. "कान बघितलास का म्हनून. आई सांगती."

"व्हय."

"मग?"

त्या एका शब्दापुढे तात्याबाची मान खाली गेली. अक्कांचं पाप अक्कांपाशी होतं, पण पट्टा त्याच्या हातात होता आणि पेटी त्यानेच विहिरीत टाकली होती. मेंढरू पुढ्यात आणून उभं केलं होतं, बाप कान बघ म्हणत होता, आणि त्याने बघितला नाही. याला साताऱ्याचा मिस्त्री काय करणार?

तो उठला. फळीवरची तिकोनी कानस काढली आणि तानाजीपुढे धरली. "तुझ्या हातात खोट न्हवती," म्हणाला. "माझ्याबी न्हवती. शेड हाय, भट्टी हाय. ये तू."

तानाजीने कानस घेतली. अंगठा धारेवरून फिरवला, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. धार कुठं उरलीय आणि कुठं गेलीय ते अंगठ्याला कळत होतं, हे तात्याबाला दिसलं. मग त्याने ती फळीवर होती तशी ठेवली.

"मला न्हाई आता यायचं, अण्णा. अडतीस झाली," तो म्हणाला. रागाने नाही म्हणाला, आणि म्हणूनच तात्याबाला ते सहन झालं नाही.

तानाजीने टोपी घातली आणि सायकल काढली. नऊ वाजता शोरूमचं फाटक उघडायचं असतं.